गॅस ओळखणारा लेसर : काय पकडतो आणि काय सोडतो

६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात होते. त्यातून उठलेला विषारी गॅस लगतच्या डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये पसरला. सहा कामगार दगावले आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. आपल्यापैकी कितीतरी जणांचा माल सुरतेहून येतो. तेव्हा ही बातमी दूरच्या कुठल्या रसायन कारखान्याची म्हणून बाजूला सारण्यासारखी नव्हती. ती आपल्याच धंद्यातील होती.

गॅसचा धोका फक्त मोठ्या केमिकल कंपन्यांना असतो असा आपल्याकडे एक समज आहे. तो बरोबर नाही. सल्फर रंगाचे सांडपाणी आम्लाच्या पाण्यात मिसळले की हायड्रोजन सल्फाईड हा जहाल गॅस निघतो. सायझिंगच्या बॉयलरमध्ये हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साईड तयार होतो आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो. सोनार, तांबट, बेकरीवाले, इस्त्रीवाले हे सगळे एल.पी.जी.च्या सिलिंडरवर काम करतात. मुंबई, ठाणे, पुण्याकडे बऱ्याच ठिकाणी आता पाइपने गॅस येतो. म्हणजे चार वेगवेगळ्या जागी चार वेगवेगळे गॅस आहेत आणि प्रत्येकाची चाल निराळी आहे.

सुरक्षेची उपकरणे विकणारे लोक कारखान्यांतून फिरत असतात. त्यांच्या पत्रकांत आता लेसरवर चालणाऱ्या गॅस तपासणी यंत्रांची चित्रे असतात. लेसर म्हटले की माणूस दबून जातो. महाग आहे म्हणजे सर्वांत चांगलेच असणार, असे धरून चालतो. हे यंत्र खरोखर चांगले आहे, यात शंका नाही. परंतु ते काय पाहते आणि काय अजिबात पाहत नाही, हे समजून न घेता घेतले तर पैसा जाईल आणि धोका मात्र तेथेच राहील. म्हणून आज या यंत्राची माहिती जरा तपशिलाने देत आहे.

उजेडाकडे धरलेले कापड

कापडाचा व्यापारी तागा उलगडतो आणि कापड उजेडाकडे धरतो. कोठे धागा तुटला, कोठे वीण विरळ झाली, हे समोरून दिसत नाही, पण पलीकडून प्रकाश आला की लगेच दिसते. गॅसची तपासणीही याच रीतीने होते. एका बाजूने प्रकाश सोडायचा, मधे हवा, आणि दुसऱ्या बाजूला किती प्रकाश पोहोचला ते मोजायचे. मधल्या हवेतील गॅसने काही प्रकाश गिळला असेल तर तेवढी तूट दिसेल.

यात खुबी अशी की प्रत्येक गॅस सगळा प्रकाश गिळत नाही. त्याच्या रेणूंच्या हालचालीला जुळतील अशा काही ठराविक छटाच तो गिळतो, बाकीच्या सोडून देतो. जर्मनीत हायडलबर्ग येथे किरखोफ आणि बन्सेन या दोघांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशरेषा त्याच्या स्वतःच्या असतात, दुसऱ्याच्या रेषांशी त्या जुळत नाहीत. गॅसच्या रेणूंचेही तसेच आहे. मात्र आपल्याला हव्या असलेल्या बहुतेक गॅसच्या छटा डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्याच्या पलीकडच्या अवरक्त प्रकाशात पडतात.

छटा मोजण्याचे माप म्हणजे तरंगलांबी. आम्ही उर्दू शाळेत तिला 'तूल-ए-मौज' म्हणून शिकलो होतो आणि मला तोच शब्द आजही जवळचा वाटतो, कारण त्यात लाट डोळ्यांसमोर उभी राहते. ही लांबी नॅनोमीटरमध्ये सांगतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. पाइपच्या गॅसमधील मुख्य घटक मिथेन. त्याची सोयीची रेषा सुमारे १६५४ नॅनोमीटरवर आहे. अमोनियाची १५१२ च्या आसपास, पाण्याच्या वाफेची १३९२ च्या आसपास आणि ऑक्सिजनची ७६० वर.

आता साध्या दिव्याचा प्रकाश वापरला तर अडचण येते. त्यात असंख्य छटा एकत्र असतात आणि एका गॅसची बारीकशी तूट त्या गर्दीत हरवून जाते. गाळणी लावली तरी ती ढोबळच असते. मिथेनची एक रेषा साध्या हवेत एका नॅनोमीटरच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढीच रुंद असते. इतके बारीक पाहायला प्रकाशही तितकाच बारीक हवा. लेसर डायोडचा प्रकाश या रेषेपेक्षाही कितीतरी पटींनी अरुंद असतो. जाड सुईने मलमलीचा धागा उचलता येत नाही, त्याला बारीक सुईच लागते. तसाच हा प्रकार.

सुई फिरवणे

या लेसरला 'बदलता' किंवा 'जुळवता येणारा' लेसर म्हणतात. जुना रेडिओ आठवा. सुई फिरवली की एक स्टेशन जाते, मधे खरखर होते, दुसरे लागते. लेसर डायोडचेही तसेच आहे. तो मुगाच्या दाण्याहूनही लहान तुकडा असतो. त्यातून जाणारी वीज किंचित वाढवली की तो किंचित तापतो आणि त्याची छटा किंचित सरकते. एक अंश तापमान वाढले तर सुमारे एक दशांश नॅनोमीटर, एवढाच तो फरक. तेवढा पुरतो. यंत्र वीज वरखाली करत राहते आणि लेसरची छटा गॅसच्या रेषेवरून सेकंदाला कितीतरी वेळा इकडून तिकडे जाते.

रेषेच्या बाहेर असताना पलीकडे पूर्ण प्रकाश पोहोचतो. रेषेवर आला की प्रकाश घटतो. पुन्हा बाहेर गेला की पूर्ण होतो. कागदावर काढले तर सपाट रस्त्यात एक खड्डा पडल्यासारखे दिसेल. गॅस जास्त असेल तर खड्डा खोल, नसेल तर खड्डाच नाही.

येथे एक मोठा फायदा पदरात पडतो. कारखान्याच्या धुराड्यात धूळ असते, वाफ असते, काचेवर काजळी बसते. मग धूळ आणि गॅस यांत यंत्र फरक कसा करते? धूळ सगळ्याच छटा सारख्या प्रमाणात अडवते. त्यामुळे सगळा रस्ताच खाली जातो, पण खड्डा आणि रस्ता यांचे प्रमाण बदलत नाही. गॅस मात्र एकाच जागी खड्डा पाडतो. म्हणून अर्ध्याहून अधिक प्रकाश धुळीने खाल्ला तरी हे यंत्र बरोबर आकडा देऊ शकते. अर्थात सगळाच प्रकाश अडला तर तेही काही करू शकत नाही, आणि चांगले यंत्र तसे स्पष्ट सांगते.

किती गॅसने किती प्रकाश घटतो, याचा हिशेब मलमलीच्या घड्यांचा आहे. एका घडीतून शंभरापैकी नव्वद भाग प्रकाश आरपार जात असेल, तर दुसऱ्या घडीनंतर ऐंशी राहत नाही. नव्वदचे नव्वद टक्के, म्हणजे एक्याऐंशी राहतात. तिसरीनंतर त्र्याहत्तरच्या थोडे खाली. प्रत्येक घडी आपल्यापर्यंत आलेल्या प्रकाशातील तोच हिस्सा घेते. हा नियम ठाऊक असल्यामुळे उरलेल्या प्रकाशावरून मधे किती गॅस होता, ते उलटे काढता येते.

परंतु प्रत्यक्षात ही घट फार लहान असते. हजारात एक भाग, कधी लाखात एक. एवढीशी घट विजेच्या गोंगाटातून वेगळी काढायला एक युक्ती वापरतात. कापडावर अंगठा नुसता टेकवून ठेवला तर बारीक गाठ समजत नाही. अंगठा मागेपुढे चोळला की लगेच लागते. तसेच लेसरची छटा रेषेभोवती सेकंदाला हजारो वेळा थरथरवतात. गॅस असेल तर पलीकडच्या प्रकाशात त्या थरथरीच्या दुप्पट वेगाची लहर उमटते, कारण प्रत्येक फेरीत रेषा दोनदा ओलांडली जाते. यंत्र फक्त ती दुप्पट वेगाची लहर ऐकते आणि बाकी सारा गोंगाट सोडून देते.

आणि लेसर हळूहळू भरकटू नये म्हणून कित्येक यंत्रांत एक लहानशी काचेची डबी असते. तिच्यात तोच गॅस मोहोरबंद भरलेला असतो. यंत्र मधूनमधून त्या डबीकडे पाहून आपली सुई रेषेवर आहे ना याची खात्री करून घेते. रंगारी पक्क्या नमुन्याचा तुकडा जवळ ठेवतो आणि प्रत्येक घाण्याचा रंग त्याच्याशी ताडून पाहतो, तसेच.

टेलिफोनच्या धंद्याची कृपा

ही कल्पना नवी नाही. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत मेमन यांनी चालवून दाखवला आणि १९६२ मध्ये डायोडचे लेसर आले. अमेरिकेतील एम.आय.टी.च्या लिंकन प्रयोगशाळेत शिशाच्या संयुगांपासून असे डायोड बनवले गेले की ज्यांची छटा बदलता येत होती. १९७० साली तेथील हिंकली यांनी अशा लेसरने एका गॅसच्या रेषा इतक्या बारकाईने उकलून दाखवल्या की तोपर्यंतच्या यंत्रांना ते जमले नव्हते. पण हे डायोड अतिशय थंड ठेवावे लागत. द्रवरूप नायट्रोजन नाही तर त्याहूनही थंड हेलियम लागे. प्रयोगशाळेत ते ठीक होते, कारखान्यात कोण सांभाळणार?

हे यंत्र स्वस्त झाले ते वेगळ्याच धंद्यामुळे. काचेच्या तंतूंतून टेलिफोनचे बोलणे पाठवण्यासाठी १३०० आणि १५५० नॅनोमीटरच्या आसपासचे, साध्या तापमानावर वर्षानुवर्षे चालणारे लेसर डायोड हवे होते. १९८० आणि १९९० च्या दशकांत त्यांचे कारखाने उभे राहिले आणि माल मोठ्या प्रमाणावर निघू लागला. गॅस मोजणाऱ्यांच्या लक्षात आले की अमोनिया, मिथेन, वाफ, हायड्रोजन फ्लोराईड यांच्या काही रेषा याच पट्ट्यात किंवा त्याच्या जवळपास पडतात. त्या दुबळ्या आहेत हे खरे. मिथेनची खरी जोरदार रेषा ३३०० नॅनोमीटरच्या आसपास आहे. परंतु तयार, टिकाऊ, स्वस्त माल दुसऱ्याच्या गिऱ्हाइकीवर मिळत असेल तर शहाणा व्यापारी थोडी उणीव सोसतो. जोरदार रेषांसाठी वेगळ्या जातीचा लेसर १९९४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला, आणि आता तोही बाजारात आहे. तो महाग आहे.

दुबळ्या रेषेवर दुसरा उपाय म्हणजे वाट लांबवणे. दोन अंतर्वक्र आरशांमध्ये प्रकाश पुन्हापुन्हा फिरवला की हातभर डबीत कित्येक मीटरची वाट तयार होते. १९६४ साली बेल प्रयोगशाळेतील हेरियट यांनी ही रचना मांडली. तिचे सर्वांत दूर गेलेले उदाहरण मंगळावर आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथे उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीत असाच एक लेसर आहे. वीस सेंटिमीटरच्या डबीत त्याचा किरण ८१ फेऱ्या मारतो आणि सुमारे १७ मीटरची वाट होते. त्या यंत्राची एक गोष्ट आपल्या तराजूवाल्यांना आवडेल. पृथ्वीवरून निघताना त्याच्या पुढच्या कप्प्यात येथलीच थोडी हवा राहून गेली होती, आणि तिच्यात मिथेन होता. तेव्हा शास्त्रज्ञ आधी रिकाम्या डबीचा आकडा घेतात, मग मंगळाची हवा भरून आकडा घेतात आणि वजाबाकी करतात. आधी भांडे तोलायचे, मग माल! एवढे करूनही मंगळावर मिथेन खरोखर आहे की नाही, यावर वाद मिटलेला नाही. गाडीने अब्जात अर्ध्या भागाच्या आसपास मिथेन असल्याचे सांगितले, तर वरून फिरणाऱ्या युरोपच्या उपग्रहाला तो सापडलाच नाही.

आकडा वाचायचा कसा

हातात धरायच्या लेसर यंत्राची कल्पना जपानमध्ये टोकियो गॅस कंपनीने चांगली पुढे नेली. विजेरीसारखे यंत्र पाइपाकडे रोखायचे. किरण भिंतीवर किंवा जमिनीवर आपटून परत येतो आणि वाटेत मिथेन असेल तर आकडा दिसतो. वीस-तीस मीटरवरून हे जमते. साध्या काचेतून हा प्रकाश आरपार जातो, म्हणून कुलूपबंद खोलीत गळती आहे का, हे खिडकीबाहेर उभे राहूनही पाहता येते. ज्या खोलीत गॅस कोंडला असेल तेथे आत जाऊन तपासण्यापेक्षा हे किती बरे, ते सांगायला नको. उंचावरचे पाइप शिडी न लावता तपासता येतात.

परंतु या यंत्राच्या आकड्यात एक गोम आहे आणि ती विक्रेता सहसा सांगत नाही. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. साधे यंत्र ज्या जागी ठेवले त्या जागेचे पीपीएम सांगते. हाताचे लेसर यंत्र मात्र 'पीपीएम-मीटर' सांगते, म्हणजे गॅसचे प्रमाण गुणिले गॅसच्या ढगाची जाडी. कापडाच्या गाठोड्याचे नुसते वजन सांगितले, पण आत चार जाड चादरी आहेत की चाळीस ओढण्या, हे सांगितले नाही, तसे ते आहे. समजा यंत्राने ५०० पीपीएम-मीटर दाखवले. याचा अर्थ दहा मीटर वाटेत सगळीकडे ५० पीपीएम एवढा किरकोळ मिथेन पसरला आहे असा होऊ शकतो. किंवा पाइपाच्या सांध्यापाशी फक्त एक सेंटिमीटर जाडीचा, पण ५०,००० पीपीएमचा झोत आहे असाही होऊ शकतो. ५०,००० पीपीएम म्हणजे हवेत पाच टक्के, आणि मिथेन पेट घेऊ शकतो तो याच प्रमाणापासून पुढे. आकडा एकच, पण एक जागा निर्धोक आणि दुसरी पेटण्याच्या काठावर.

म्हणून हे यंत्र गळती शोधण्याचे आहे, खोली सुरक्षित आहे की नाही याचा दाखला देण्याचे नाही. लेसरने जागा सापडली की तेथे नेहमीचे ठिकाणावरचे यंत्र लावून प्रत्यक्ष प्रमाण पाहावे लागते. आणखी एक गोष्ट. मोजणारा किरण डोळ्यांना दिसत नाही. जो हिरवा किंवा लाल ठिपका दिसतो तो नेम धरण्यासाठी असतो. तो कोणाच्याही डोळ्यांत मारू नये, मुलांच्या हातात यंत्र देऊ नये.

मोठ्या उद्योगांत हे तंत्र पक्के रुजले आहे. ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांच्या छपराखालून लेसर सोडून हायड्रोजन फ्लोराईड मोजतात. वीज केंद्रांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साईडे मारण्यासाठी अमोनिया फवारतात, त्यातला किती वाया जाऊन धुराड्यातून निसटतो, ते लेसर सांगतो. मोठ्या भट्ट्यांत ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साईड आरपार मोजून इंधन वाचवतात. तेथे शेकडो अंशांच्या धुरात कोणतीही नाजूक वस्तू बुडवावी लागत नाही, फक्त प्रकाश जातो, हे मोल आहे. आपल्या सायझिंगच्या किंवा प्रोसेसच्या लहान बॉयलरला मात्र एवढ्या खर्चाची गरज नाही. धुरातील ऑक्सिजन पाहायला झिरकोनियाची साधी सळई पुरेशी असते.

जे लेसरला दिसत नाही

आता मुख्य मुद्दा. मिथेनवर जुळवलेला लेसर एल.पी.जी. पाहत नाही.

एल.पी.जी. म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. मिथेनचा रेणू लहान आहे, त्याच्या रेषा सुट्या व ठसठशीत आहेत. प्रोपेन-ब्युटेनचे रेणू मोठे. त्यांच्या रेषा इतक्या दाटीने बसतात की एकमेकींत मिसळून पसरट डाग होतो, तलम विणीऐवजी नमदा व्हावा तसा. लेसरची अरुंद सुई त्यावरून फिरली तरी खड्डा दिसत नाही, कारण दोन्ही बाजूंना सारखेच आहे. हीच गोष्ट यंत्राची खरी ताकद आहे, कारण त्यामुळे ते दुसऱ्या गॅसला पाहून खोटी ओरड करत नाही. पण तोच गुण सिलिंडरवर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. आमच्या ओळखीच्या एका तांबटाच्या कारखान्यात सहा सिलिंडर जोडलेले आहेत. तेथे एका विक्रेत्याने मिथेनचे लेसर यंत्र 'सर्व गॅससाठी' म्हणून पुढे केले होते. सिलिंडर फुसफुसत असताना ते यंत्र शून्य दाखवत राहिले असते आणि काम करणाऱ्यांनी त्या शून्यावर भरवसा ठेवला असता.

याउलट फिरोजाबादच्या काच कारागिरांचे पाहा. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी जो निकाल दिला, त्यानंतर तेथील भट्ट्या कोळशावरून नैसर्गिक गॅसवर आल्या. नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तेथे हेच यंत्र अगदी योग्य ठरते.

हायड्रोजनचेही लक्षात ठेवावे. हायड्रोजन, नायट्रोजन, हेलियम, आरगॉन हे अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळतच नाहीत, म्हणून या रीतीच्या कामाचे नाहीत. ऑक्सिजन खरे तर त्याच जातीचा, पण ७६० नॅनोमीटरवरची त्याची एक दुबळी रेषा कामी येते.

मग सिलिंडरवाल्याने काय घ्यावे? येथे आपल्या धंद्याशी निगडित एक बाब आहे, ती प्रोसेस हाऊसवाल्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. पेट घेणाऱ्या गॅसची जी साधी, स्वस्त यंत्रे मिळतात, त्यांत बहुधा एक तापलेला मणी असतो. गॅस त्या मण्यावर जळतो आणि मण्याचे तापमान वाढते. मिथेन असो वा एल.पी.जी., दोन्ही पकडतो. मणी चांगला आहे. पण सिलिकॉनची वाफ लागली की तो मरतो, आणि मेल्यावर ओरडत नाही, गप्प राहतो. शून्य दाखवतो. कापड मऊ करायला आपण जे सिलिकॉन सॉफ्टनर वापरतो ते स्टेंटरवर तापते, तेथे आसपास असा मणी लावून वर्षभर विसरून जाणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. गंधकाची संयुगेही त्याला बाधतात.

अशा ठिकाणी साध्या अवरक्त प्रकाशाचे यंत्र घ्यावे. त्यात लेसर नसतो, छोटा दिवा आणि गाळणी असते. त्याची नजर ढोबळ आहे, प्रोपेन, ब्युटेन, मिथेन यांत फरक करणार नाही. पण एल.पी.जी.च्या पसरट डागाला ढोबळ नजरच चालते, आणि सिलिकॉनने ते मरत नाही. म्हणजे लेसर सरस आणि दिवा हलका असा हा हिशेब नाही. गॅस कोणता, त्यावर यंत्र ठरते. किमतीतही फरक आहे. हातातील लेसर यंत्राची किंमत साधारणपणे लाखांत जाते, ठिकाणावरची साधी यंत्रे हजारांत मिळतात.

लावायचे कोठे, हेही गॅसवरच ठरते. मिथेन हवेच्या निम्म्याहून थोडा अधिक वजनाचा, तो वर छताकडे जातो. एल.पी.जी. हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, तो जमिनीवर साचतो, नालीत उतरतो आणि हवेत सुमारे दोन टक्के झाला तरी पेटू शकतो. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर गेलेल्या कित्येक ठिकाणी जुने यंत्र खाली जमिनीजवळच राहिलेले असते. गॅस बदलला तर यंत्र वर न्यावे.

राहिला हायड्रोजन सल्फाईड. सांडपाण्याच्या टाकीत उतरणाऱ्यासाठी लेसर उपयोगाचा नाही. त्याच्यासाठी खिशाला अडकवायचे चार गॅसचे यंत्र असते : ऑक्सिजन, पेटणारा गॅस, कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सल्फाईड. या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास असतो म्हणून पुष्कळ जण नाकावर विसंबतात. शंभर पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होते, वास येणे थांबते आणि माणसाला वाटते की गॅस गेला. तोच आकडा जिवाला तात्काळ धोक्याचा मानला जातो. टाकीत माणूस उतरण्यापूर्वी यंत्र दोरीने आत सोडून वर, मधे आणि तळाशी, तीन जागी पाहावे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणालाही उतरू देऊ नये. एक जण पडला म्हणून दुसरा त्याला काढायला उतरतो आणि दोघे जातात, असे वारंवार घडते. वर उभ्या माणसाने आत उडी न घेता दोराने ओढता येईल अशी तयारी आधीच हवी. गटारे व मैलाटाक्यांत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे तर २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

यंत्र कोणतेही असो, ते जिवंत आहे की मेले, हे फक्त एका उपायाने कळते. ज्या गॅससाठी ते घेतले त्याच गॅसचा, ठरलेल्या प्रमाणाचा लहान सिलिंडर आणून यंत्रापुढे सोडायचा आणि आकडा जुळतो का ते पाहायचे. बरेच जण सिगारेटच्या लायटरचा गॅस तोंडाशी धरून 'बघा, वाजते' म्हणून दाखवतात. त्याने घंटा वाजते, आकडा कळत नाही, आणि जास्त गॅस एकदम गेल्यामुळे मण्याचे नुकसान होऊ शकते. विक्रेत्याकडून आपल्याच गॅसवर, आपल्या कारखान्यात अशी चाचणी करून घ्यावी आणि त्यानंतरच पैसे चुकते करावेत. यंत्राच्या कागदावर गॅसचे नाव, मोजण्याची मर्यादा आणि दर किती महिन्यांनी पुन्हा ताडून पाहायचे, हे लिहिलेले असले पाहिजे. 'सर्व गॅस' असे लिहिलेले असेल तर तो कागद परत करावा.

शेवटी मान्यतेविषयी. पेटणारा गॅस साचू शकतो अशा जागी लावायचे विजेचे कोणतेही उपकरण स्वतः ठिणगी पाडणारे नसावे, आणि त्यासाठी आपल्या देशात पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता असते. या केंद्र सरकारी संघटनेचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे. मान्यतेचे प्रमाणपत्र यंत्राच्या नेमक्या मॉडेलच्या नावाने असते, कंपनीच्या नावाने सरसकट नसते. म्हणून यंत्राच्या पट्टीवरील मॉडेल आणि प्रमाणपत्रावरील मॉडेल अक्षर न अक्षर जुळते का, ते माल उतरवून घेतानाच पाहावे.